कमी किमतीच्या रेड वाइनची पारख

१. तिप्पट किंमत म्हणजे तिप्पट चव का?

दुकानाच्या फळीवर पाचशे रुपयांची आणि दीड हजार रुपयांची रेड वाइन शेजारी शेजारी ठेवलेली असते, दोन्ही बाटल्यांवर नाशिकचे नाव आणि शिराझ या द्राक्षाचे नाव छापलेले असते, आणि अशा वेळी दुसरी बाटली पहिलीपेक्षा खरोखर तिप्पट चांगली असते का, हा प्रश्न वाइनशी नुकतीच ओळख झालेला माणूस हमखास विचारतो. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. ज्या प्रदेशाचे नाव जगाच्या वाइन-नकाशावर अजून ठळक झालेले नाही, त्या प्रदेशातील स्वस्त वाइनला गुण द्यायचे ते कोणत्या मापाने?

या प्रकरणात हे दोन्ही प्रश्न वणी आणि दिंडोरी तालुक्याच्या उदाहरणावरून सोडवलेले आहेत. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचे, दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव देवीच्या यात्रेसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाटलीवर मात्र त्याचे नाव सहसा दिसत नाही. तेथे ‘नाशिक’ असते, फार तर ‘दिंडोरी’. सुला या कंपनीच्या ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’मुळे तालुक्याचे नाव देशभरच्या मद्यसूचींत पोहोचले. चारोसा या वाइनरीने याच तालुक्यातील गावाचे नाव घेतले, आणि फेसाळ वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या शांदों या फ्रेंच घराण्याने २०१३ साली भारतीय बाटली बाजारात आणली तीही दिंडोरीच्याच आधाराने. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही फ्रान्स, इटली किंवा ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत हा प्रदेश नवखाच म्हणावा लागतो.

२. वणीच्या हवेत रेड वाइनचे द्राक्ष

जगातील बहुतेक जुने वाइन-प्रदेश विषुववृत्तापासून साधारण ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात आहेत, तर वणी २० अंशांच्या आसपास आहे. युरोपात हिवाळ्यात वेल पानगळ होऊन झोपी जातो आणि वसंतात पुन्हा फुटतो. येथे त्याला झोप अशी नाहीच, म्हणून त्याचे वर्ष बागायतदाराच्या कात्रीने ठरते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीने वेलीवर पुढच्या हंगामाची काडी तयार होते, आणि पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात होणाऱ्या गोडी छाटणीने घड धरला जातो. त्यानंतरचे महिने कोरडे असल्यामुळे घडाला पावसाचा त्रास क्वचित होतो, आणि पाणी ओझरखेड, करंजवण यांसारख्या धरणांच्या व विहिरींच्या भरवशावर ठिबकने दिले जाते. वाइनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारीअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत चालते.

या वेळापत्रकातच येथील रेड वाइनच्या गुणांचे आणि अडचणींचे मूळ आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपासच्या या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या थंड असतात, आणि थंड रात्रीत मण्यातील आम्ल टिकून राहते. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. एक टार्टारिक आम्ल, ज्याने चिंचही आंबट होते. दुसरे मॅलिक आम्ल, जे हिरव्या सफरचंदात असते. हवा तापली की वेल श्वसनात मॅलिक आम्ल खर्च करू लागतो. रेड वाइनची द्राक्षे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांपेक्षा उशिरा पक्व होतात, म्हणजे त्यांचा शेवटचा टप्पा नेमका फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात सापडतो, आणि मग साखर झपाट्याने चढते तर आम्ल झपाट्याने उतरते.

साखर मोजण्याचे एकक ब्रिक्स. रसात वजनाच्या हिशेबाने साधारण किती टक्के साखर आहे ते त्यावरून समजते. आंबवताना यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल तयार करते, आणि ढोबळ हिशेबासाठी ब्रिक्सला ०.५५ ने गुणले की होणाऱ्या अल्कोहोलची टक्केवारी मिळते. रस २४ ब्रिक्सचा असेल तर २४ × ०.५५ म्हणजे सुमारे १३.२ टक्के. २२ ब्रिक्सला तोडणी केली तर १२.१ टक्के. आकड्यांतील फरक लहान दिसतो, परंतु लवकर तोडलेल्या काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या वाइनला ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास आणि कच्चा तुरटपणा राहू शकतो, आणि फार उशिरा तोडलेली वाइन मुरंब्यासारखी जड व बेचव वाटते. ही तारीख साधणे हेच उष्ण प्रदेशातील वाइनकाराचे मुख्य कसब आहे. आम्ल कमी पडल्यास टार्टारिक आम्ल वरून घालण्याची पद्धत उष्ण देशांत सर्रास आहे आणि तिच्यात फसवणूक काही नाही.

द्राक्षबागांच्या या मुलखात वाइन इतकी कमी का, असेही लोक विचारतात. दिंडोरी-निफाडच्या बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षाच्या आहेत, आणि ते द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांच्याकडून अपेक्षाच उलट्या असतात. खाण्याचा मणी मोठा, बिनबियांचा आणि पातळ सालीचा हवा; रेड वाइनला लहान, बियांचा आणि जाड सालीचा मणी हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, गराला बहुधा रंग नसतोच. मणी गोल धरला तर त्याच्या पृष्ठभागाचे घनफळाशी असलेले प्रमाण व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून १२ मिलिमीटरच्या मण्यात रसाच्या मानाने साल १८ मिलिमीटरच्या मण्यापेक्षा दीडपट असते. खाण्याच्या द्राक्षाची उत्तम रेड वाइन होत नाही ती या भूमितीमुळे. शिवाय अर्थकारण आहेच. १९९९ साली राजीव सामंत यांनी सुलाची स्थापना केली, २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि पाठोपाठ अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. पण २००८-०९ च्या मंदीत माल पडून राहिला, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याचे द्राक्ष लावले. आज टिकलेल्या बागा बऱ्याच अंशी वाइनरींशी केलेल्या करारांवर चालतात.

३. जास्तीच्या पैशात काय मिळते

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागते. समजा एका बागेचे द्राक्ष ५० रुपये किलोने आणि दुसऱ्या बागेचे, कमी घड ठेवून नीट पिकवलेले, ८० रुपये किलोने विकत घेतले, तर सव्वा किलोमागे फरक पडतो साडेसदतीस रुपयांचा. बाटली, बूच, चिठ्ठी, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा हे खर्च दोन्हीकडे आहेतच. यावरून असे दिसते की अगदी तळच्या किमतीपासून थोडे वर चढले की पैशाचा मोठा वाटा द्राक्षाच्या दर्जाकडे जाऊ शकतो, आणि त्याहून बरेच वर गेल्यावर तो इतर गोष्टींकडे वळतो.

त्या इतर गोष्टींत ओक लाकडाचे पिंप महत्त्वाचे. नेहमीचे पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे त्यात ३०० बाटल्यांची वाइन मावते. समजा आयात केलेले नवे पिंप ७५,००० रुपयांना पडले, तर पहिल्या वापरातच प्रत्येक बाटलीवर २५० रुपयांचा भार येतो. तेच पिंप तीन हंगाम वापरले तर भार सुमारे ८३ रुपयांवर येतो, पण लाकडाचा वासही प्रत्येक वेळी उतरत जातो. पाचशे रुपयांच्या बाटलीत नव्या पिंपाचा खर्च बसत नाही हे उघड आहे. म्हणून स्वस्त वाइनला व्हॅनिला किंवा भाजलेल्या लाकडाचा ठळक वास आला तर तो बहुधा टाकीत सोडलेल्या ओकच्या चिपांचा किंवा फळ्यांचा असतो. त्यात गैर काही नाही, मात्र हा वास कच्च्या द्राक्षावर पांघरूण घालण्यासाठीही वापरला जातो, आणि नवशिका चाखणारा त्याला हटकून जास्त गुण देतो.

महाराष्ट्रात स्वस्त रेड म्हणजे गोड ‘पोर्ट’ अशी जुनी समजूत आहे. पोर्तुगालातील मूळ पोर्ट वाइनमध्ये आंबवणे अर्ध्यावर थांबवण्यासाठी द्राक्षाचा स्पिरिट घालतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. येथे त्या नावाखाली विकला जाणारा प्रकार पुष्कळदा नुसता गोडसर असतो. गोडवा दोष झाकतो. म्हणून गोड आणि कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या वाइनला एकाच तक्त्यात बसवू नये.

४. जिभेला कळणाऱ्या चार गोष्टी

रेड वाइनची चव सुटी करून पाहिली तर चार घटक हाती लागतात. आम्लामुळे तोंडाला पाणी सुटते आणि घोट गिळल्यावरही जिभेच्या कडांना ते जाणवते. टॅनिन हा साली-बियांतला तुरट पदार्थ लाळेतील प्रथिनांना चिकटतो, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात. हिरडा, कच्चा चिकू किंवा जास्त उकळलेला कोरा चहा घेतल्यावर होते तेच. तिसरे अल्कोहोल, ज्याची ऊब घशात कळते. चौथा घटक म्हणजे अंग, वाइनचा तोंडातील जाडपणा किंवा पातळपणा.

यांतला कोणताही घटक जितका जास्त तितका चांगला, असे नसते. पाहायचा तो त्यांचा तोल. आम्ल कमी आणि अल्कोहोल जास्त असेल तर वाइन घशाला जाळते व सपाट वाटते, आणि दिंडोरी-वणीसारख्या उष्ण भागातील स्वस्त वाइनमध्ये हा दोष सर्वांत आधी शोधावा. टॅनिन भरपूर आणि फळाची चव थोडी असेल तर नुसता कोरडेपणा उरतो. तापमान बदलले की हाच तोल वेगळा भासतो. रेड वाइन ‘घरच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला गार दगडी घरांत राहणाऱ्या युरोपीयांचा आहे. एप्रिलातील नाशिकच्या दिवाणखान्यात तो पाळला तर वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरते. १६ ते १८ अंश सेल्सिअस हे बरे तापमान होय, आणि त्यासाठी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.

दोष ओळखणे हे गुण ओळखण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त वाइनच्या बाबतीत अधिक उपयोगाचे आहे. व्हिनेगरचा किंवा नखांच्या रंगासारखा झणझणीत वास म्हणजे जिवाणूंनी घोटाळा केला. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास बुचातील बिघाडाचा असतो. नाशिकच्या बऱ्याच वाइनला आता फिरकीचे झाकण असल्यामुळे तो कमी आढळतो. विटकरी झालेला रंग आणि शिळ्या सुक्या मेव्यासारखा वास आला तर वाइनला हवा किंवा उष्णता लागली असे समजावे. आपल्याकडे हा शेवटचा दोष वाइनरीच्या माथी मारण्यापूर्वी उन्हात उभे राहिलेले मालवाहू वाहन आणि पंख्याखालचे दुकान आठवावे.

५. वासाला नाव देताना

परदेशी वर्णनांत ब्लॅककरंट, सीडर, टोबॅको असे शब्द येतात आणि ज्याने ब्लॅककरंट कधी पाहिलेले नाही तो मान डोलावतो. हे टाळणे सोपे आहे. जांभूळ, करवंद, कोकम, मनुका, लवंग, जायफळ, काळी मिरी, पावसाच्या पहिल्या सरीनंतरची माती, ताजे चामडे हे वास महाराष्ट्रातील वाचकाच्या नाकात पक्के बसलेले आहेत. नाशिकच्या कित्येक शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी यांची आठवण होते, आणि मिरीचा वास तर केवळ कल्पनेचा नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शिराझमधील मिरीच्या वासाला कारण असलेले रोटंडोन हे संयुग ओळखून प्रसिद्ध केले, आणि खऱ्या काळ्या मिरीतही तेच असल्याचे दिसले. त्याच संशोधनातील अधिक महत्त्वाची बाब अशी की सुमारे वीस टक्के माणसांना हे संयुग भरपूर असूनही त्याचा वास येतच नाही. म्हणजे एका मेजाभोवती पाच माणसे बसली तर त्यांतील एकाच्या दृष्टीने ही शिराझ मिरीविनाच असणार, आणि तो चुकत आहे असे इतर चौघांना म्हणता येणार नाही.

६. गुण देणारे कोठे घसरतात

वीसपैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत रूढ झाली, आणि शंभरपैकी गुण देण्याची पद्धत वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ पासूनच्या आपल्या नियतकालिकातून लोकप्रिय केली. शंभरचे हे मोजमाप प्रत्यक्षात पन्नासपासून सुरू होते, आणि दुकानांत मिरवले जाणारे आकडे बहुधा ८५ ते ९५ च्या चिंचोळ्या पट्टीत असतात, म्हणून ८८ आणि ९० यांतल्या दोन गुणांना फार किंमत देणे धोक्याचे ठरते.

तो धोका मोजलाही गेला आहे. कॅलिफोर्नियातील एका राज्य-स्पर्धेत संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतील वाइन तीनदा दिली, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही वेळा एकाच पदकाच्या वर्गात गुण देणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. ही माणसे नवखी नव्हती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील बोर्दो येथील प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिला गेला, तेव्हा वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. २००८ सालच्याच आणखी एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक आंधळ्या चाखण्यांचे, म्हणजे नाव आणि किंमत झाकून केलेल्या चाखण्यांचे, गुण तपासले गेले. सामान्य चाखणाऱ्यांना महाग वाइन जास्त आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असे त्यात दिसले. प्रशिक्षित चाखणाऱ्यांत मात्र तसा कल नव्हता.

या निष्कर्षांवरून ‘सगळी वाइन सारखीच’ असा अर्थ काढणे घाईचे होईल. १९७६ साली पॅरिसमध्ये वाइन-व्यापारी स्टीव्हन स्पुरियर यांनी नावे झाकून भरवलेल्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रम दिला, आणि त्या काळी अप्रसिद्ध असलेल्या प्रदेशाला प्रतिष्ठा मिळाली ती केवळ चिठ्ठी झाकल्यामुळे. नाव नसलेल्या प्रदेशाला झाकलेल्या बाटलीइतका न्याय दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

क्रमाचाही परिणाम होतो. पंगतीत श्रीखंडाचा घास घेतल्यावर आमरसही आंबट वाटावा, तशी गोडसर किंवा जड वाइन आधी आली की मागून येणारी हलकी वाइन विनाकारण पडते. म्हणून प्रत्येक चाखणाऱ्याला क्रम बदलून द्यावा, आणि मधे साधा पाव व पाणी ठेवावे, शेव-चिवडा नको.

७. घरच्या मेजावरची चाखणी

महाराष्ट्रात मद्यासाठी परवान्याची व वयाची अट आहे हे प्रथम लक्षात घ्यावे, आणि चाखणी म्हणजे पिणे नव्हे हेही. प्रत्येक पेल्यात पन्नास मिलिलिटरांपेक्षा जास्त ओतू नये आणि थुंकण्यासाठी भांडे ठेवावे. व्यावसायिक चाखणारे तसेच करतात, कारण चौथ्या-पाचव्या घोटानंतर अल्कोहोल चढून निर्णय सैल होतो.

बाटल्या एकाच वर्गातल्या निवडाव्यात, उदाहरणार्थ सातशे रुपयांच्या आतील चार कोरड्या शिराझ, किंवा त्याच किमतीची नाशिकची शिराझ, अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वाइनरीची सांज्योवेझे या द्राक्षाची वाइन आणि निफाड भागातील एखादी रेड. सालाकडेही पाहावे. नाशिकची तोडणी वर्षाच्या आरंभी आणि युरोपची सप्टेंबर-ऑक्टोबरात होत असल्यामुळे, एकच साल छापलेली नाशिकची वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. या किमतीच्या रेड वाइन साठवून सुधारत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या आतील बाटली घ्यावी.

बाटल्या कागदात गुंडाळून त्यांना क्रमांक द्यावेत, आणि वीस गुणांची विभागणी अशी करता येईल : दोष नसणे ४, गंध ५, तोल ७, आणि घोट गेल्यावर चव किती वेळ राहते त्याला ४. तोलाला सर्वांत जास्त वजन दिले आहे ते उष्ण प्रदेशाचा विचार करून. गंधाला वजन वाढवले की ओकच्या चिपा जिंकतात.

आता हिशेब. समजा पाच जणांनी पहिल्या बाटलीला १२, १३, १२, १४, १३ आणि दुसरीला १८, ९, १७, १०, ११ असे गुण दिले. पहिलीची सरासरी १२.८ आणि दुसरीची १३, म्हणजे दुसरी जिंकली. परंतु गुण चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, तर पहिलीचा १३ आणि दुसरीचा ११ येतो, म्हणजे पहिली जिंकली. दुसऱ्या बाटलीने दोघांना फार आनंद दिला आणि तिघांना निराश केले. पाहुण्यांसाठी घ्यायची तर पहिली बरी, आणि त्या दोघांपैकी एकाला स्वतःसाठी घ्यायची तर दुसरीच. एकच आकडा हे दोन्ही सल्ले देऊ शकत नाही, म्हणून गुणांबरोबर त्यांचा पसारा नेहमी लिहावा.

फरक खरोखर कळतो का, हे तपासायचे असेल तर तीन पेल्यांची कसोटी घ्यावी. दोन पेल्यांत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी ओतून वेगळा पेला ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजानेही तिघांपैकी एक बरोबर येतोच, म्हणजे बारा जणांत चौघांचे बरोबर येणे हे काहीच सिद्ध करत नाही. निदान आठ जणांनी ओळखले तर फरक कळतो असे मानायला आधार मिळतो. पाचशे आणि दीड हजारांच्या बाटल्या या कसोटीला बसवून पाहिल्या, तर फरक कळला तरी कोणती अधिक आवडली हा वेगळा प्रश्न उरतो आणि त्यासाठी पुन्हा वरचाच तक्ता लागतो.

कागद सोडण्यापूर्वी एक काम राहते. उरलेल्या बाटल्यांची झाकणे लावून त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, क्रमांक तसेच झाकलेले ठेवून, पुन्हा चाखाव्यात. ओक आणि गोडसरपणा यांवर उभ्या असलेल्या वाइन रात्रभरात पुष्कळदा ढासळतात, आणि आदल्या दिवशी कडक, अबोल वाटलेल्या एखाद्या बाटलीचे जांभूळ दुसऱ्या दिवशी मोकळे होते. दोन्ही दिवसांचे गुण शेजारी लिहून मगच कागद काढावेत आणि त्यानंतर किमती पाहाव्यात.